निर्मळ मनाचे दोन हिशेब

नव्या करारातील 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात संत पौल रोमन सुभेदार फेलिक्ससमोर आरोपी म्हणून उभा आहे. बचावाच्या भाषणात तो जाता जाता एक वाक्य बोलतो. त्याचा आशय असा, की देवाच्या आणि माणसांच्या बाबतीत आपले मन निर्दोष राहावे, यासाठी आपण सतत झटत असतो. ख्रिस्ती परंपरेत निर्मळ सदसद्विवेकबुद्धीविषयी पुढे जे अमाप लिहिले गेले, त्याच्या मुळाशी असलेल्या वचनांत या वाक्याची गणना होते. त्यातले 'आणि' हे उभयान्वयी अव्यय मात्र वाचणाऱ्याच्या नजरेतून सहज निसटते.

पौलाच्या म्हणण्याप्रमाणे हिशेब दोन आहेत. एक देवाशी, दुसरा माणसांशी. पहिला चुकता झाला म्हणून दुसरा आपोआप चुकता होत नाही. पापकबुलीचा, म्हणजेच पापनिवेदनाचा, इतिहास वाचताना असे वाटत राहते, की पहिल्या हिशेबाची पद्धत चर्चने शतकानुशतके घासूनपुसून इतकी काटेकोर केली, की तिच्या काचाने काही माणसे वेडी व्हायची वेळ आली. आणि दुसरा हिशेब मात्र, तत्त्व मान्य असूनही, बहुधा थकीतच राहिला. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही विसंगती विलक्षण तीव्रतेने समोर आली. त्या काळातील तीन माणसांच्या चरित्रांतून ती पाहता येते. त्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे.

१

आरंभीच्या चर्चमध्ये आज आपल्याला परिचित असलेली खासगी पापकबुली नव्हती. बाप्तिस्म्याने सारी पापे धुतली जातात, मग बाप्तिस्म्यानंतर घडलेल्या घोर पापाचे काय, हा त्या काळचा प्रश्न होता. दुसऱ्या शतकातील 'हर्मासचा मेंढपाळ' या ग्रंथाने आणि त्यानंतर तेर्तुलियनने त्याचे उत्तर दिले, ते असे, की अशी संधी आणखी एकदाच मिळेल. ती संधी घेणाऱ्याने गोणपाट नेसावे, अंगाला राख फासावी आणि मंडळीपुढे लोटांगण घालून तिची मध्यस्थी मागावी. ही शिक्षा कठोर होती, पण तिच्यात एक सरळ न्याय होता. ज्यांच्यात राहून पाप केले, त्यांच्याच डोळ्यांदेखत पश्चात्ताप करायचा. इ. स. ३९० मध्ये थेस्सलनीका येथे सम्राट थिओडोसियसच्या सैन्याने नागरिकांची कत्तल केली, तेव्हा मिलानचा बिशप अंब्रोझ याने प्रत्यक्ष सम्राटाला जाहीर प्रायश्चित्ताशिवाय पवित्र भोजनविधी देण्याचे नाकारले. सम्राटाने ते प्रायश्चित्त घेतले.

जाहीरपणाला दुसरी बाजूही होती. गावासमोर पाप सांगितले, की बदनामी, सूड आणि खटले यांना दार उघडे होई. ४५९ मध्ये पोप लिओ पहिला याने दक्षिण व मध्य इटलीतील काही बिशपांना खडसावून लिहिले, की पश्चात्ताप करणाऱ्यांच्या पापांच्या लेखी याद्या चारचौघांत वाचून दाखवण्याची प्रथा बंद करा; धर्मगुरूला एकांतात सांगितले तरी पुरे आहे. या पत्रामागील भूमिका दयेची होती, यात शंका नाही. लाजेपायी माणूस औषधच टाळील, ही भीती लिओला वाटत होती. परंतु मंडळीच्या जागी एक कान येण्याची सुरुवातही येथेच दिसते.

पुढचे पाऊल आयर्लंडच्या मठांतून पडले. तेथे पापकबुली आयुष्यातून एकदाच न राहता पुन:पुन्हा करण्याचा नित्याचा आचार झाली. कोणत्या पापाला किती दिवस पाणी-भाकरी, किती उपास, किती स्तोत्रे, याची कोष्टके असलेल्या पुस्तिका तयार झाल्या. सहाव्या-सातव्या शतकांत कोलंबानससारख्या भटक्या भिक्षूंनी त्या युरोपच्या मुख्य भूमीवर नेल्या. जुन्या वळणाच्या बिशपांना हे मुळीच रुचले नाही. ५८९ च्या तोलेदो धर्मसभेने पाप करायचे आणि पुन्हा पुन्हा क्षमा मागायला यायचे, या प्रकाराचा धिक्कार केला. ८२९ मध्ये पॅरिसच्या धर्मसभेने या पुस्तिका जाळण्याचा हुकूम दिला. तरीही ती पद्धत टिकली. माणसाला एकदाच पडता येते, या गृहीतकापेक्षा माणूस रोज पडतो, हे गृहीतक अनुभवाला अधिक धरून होते.

अखेर १२१५ मध्ये चौथ्या लॅटेरन परिषदेने एकविसाव्या कलमाने शिक्कामोर्तब केले. समजत्या वयाच्या प्रत्येक स्त्री-पुरुषाने वर्षातून किमान एकदा आपल्या धर्मगुरूजवळ सर्व पापे कबूल करावीत आणि ईस्टरला पवित्र भोजनविधीत भाग घ्यावा. धर्मगुरूने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतणाऱ्या वैद्यासारखे वागावे. ऐकलेले पाप कोणत्याही प्रकारे उघड करणाऱ्या धर्मगुरूला पदच्युत करून कडक शिस्तीच्या मठात आजन्म प्रायश्चित्तासाठी धाडावे. मिशेल फूकोने १९७६ मध्ये पाश्चात्य माणूस हा कबुली देणारा प्राणी बनला असे प्रतिपादन केले, तेव्हा त्याच्या नजरेसमोर मुख्यत्वे हेच कलम होते. सत्तेने माणसाच्या अंतरंगात शिरण्यासाठी शोधलेली वाट, हा त्याचा अर्थ. तो खोटा नाही, पण पुरेसाही नाही. ज्या सत्तेला ऐकलेले वापरण्याची सक्त मनाई आहे, ती चमत्कारिक सत्ता म्हणावी लागेल. शिवाय या व्यवस्थेचा सर्वांत जाच झाला तो बंडखोरांना नव्हे, तर तिच्यावर मनापासून विश्वास ठेवणाऱ्यांना.

२

त्या जाचाचे मूळ 'सर्व पापे' या शब्दांत होते. सर्व म्हणजे किती? विसरलेल्यांचे काय? मनात आले पण केले नाही, त्याचे काय? केले, पण आनंदाने केले की नाइलाजाने, हे कसे ठरवायचे? पापनिवेदन ऐकणाऱ्यांसाठी जी जाडजूड मार्गदर्शक पुस्तके निघाली, त्यांत कोणी, काय, कोठे, कोणाच्या मदतीने, का, कसे आणि केव्हा, अशी प्रश्नावली असे. सर्वसामान्य माणूस वर्षातून एकदा ती कशीबशी पार पाडी. हळव्या मनाच्या माणसाला मात्र ती तळ नसलेल्या विहिरीसारखी वाटे. अशा शंकाकुल मनासाठी लॅटिनमध्ये जो शब्द रूढ झाला, त्याचा मूळ अर्थ अणकुचीदार खडा असा आहे. चपलेत अडकलेला खडा. दिसत नाही आणि चालूही देत नाही.

१५०५ मध्ये एरफुर्ट येथील ऑगस्टिनियन मठात दाखल झालेल्या मार्टिन ल्यूथरच्या पायाखाली हा खडा होता. तो कधी कधी सहा सहा तास पापनिवेदन करीत असे, अशी हकीकत आहे. बाहेर पडला, की एखादे राहून गेलेले पाप आठवे आणि तो परत येई. त्याचा गुरू योहान फॉन श्टाउपिट्झ समंजस माणूस होता. असल्या बारीकसारीक गोष्टी आणण्यापेक्षा एखादे खरेखुरे पाप घेऊन ये, अशा अर्थाचे त्याने ल्यूथरला सुनावल्याचे ल्यूथरनेच पुढे सांगितले. थट्टेने रोग बरा झाला नाही, पण निदान त्यात होते. ल्यूथरने पुढे काढलेला निष्कर्ष असा, की पापांची यादी पूर्ण होणे तत्त्वत:च अशक्य आहे. कारण यादी करणारी बुद्धीच आजारी आहे. म्हणून क्षमा यादीच्या पूर्णतेवर अवलंबून असू शकत नाही. ती उच्चारलेल्या वचनावर आणि त्या वचनावरील विश्वासावर अवलंबून असते. १० डिसेंबर १५२० रोजी विटेनबर्गच्या वेशीबाहेर त्याने पोपचे आज्ञापत्र जाळले, हे प्रसिद्धच आहे. त्याच होळीत 'सुम्मा अँजेलिका' हे पापनिवेदन ऐकणाऱ्यांचे लोकप्रिय मार्गदर्शक पुस्तकही टाकले गेले, याचा उल्लेख सहसा होत नाही. ल्यूथरच्या दृष्टीने त्या दोहोंत फारसे अंतर नसावे.

ल्यूथरने पापकबुली मोडीत काढली, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे. १५२२ च्या प्रवचनांत त्याने खासगी पापकबुलीने आपल्याला किती बळ दिले, हे सांगून ती कोणालाही हिरावू देणार नाही, असे बजावले. त्याने नाकारली ती सक्ती आणि मोजदाद. १५३० च्या ऑग्सबर्ग कबुलीजबाबातही हीच भूमिका आहे. पापनिवेदन राहू द्यावे, परंतु प्रत्येक पाप मोजून सांगण्याचा आग्रह धरू नये.

ल्यूथर जर्मनीत हा प्रश्न सोडवत असतानाच स्पेनमध्ये एक जायबंदी सैनिक त्याच खड्ड्यात पडला होता. इग्नेशियस लोयोलाने मार्च १५२२ मध्ये मोन्सेर्रात येथे आयुष्यातील सारी पापे लिहून काढून तीन दिवस पापनिवेदन केले. तेथून तो मान्रेसाला गेला आणि शंकांनी त्याला घेरले. काहीतरी राहिले आहे, नीट सांगितलेले नाही. फक्त अगदी स्पष्ट आठवणारीच जुनी पापे सांग, असे त्याला सांगण्यात आले. त्याची पंचाईत अशी, की त्याला सगळेच स्पष्ट आठवत होते. खोलीतल्या एका विवरात उडी टाकून जीव द्यावा, असे विचार येऊ लागले. देव मार्ग दाखवीपर्यंत अन्न शिवायचे नाही, म्हणून त्याने आठवडाभर उपास केला, तो धर्मगुरूच्या आज्ञेने सोडला. शेवटी गतकाळातील काहीही पुन्हा कबूल करायचे नाही, असा निश्चय केल्यावर तो या छळातून सुटला. त्याच्या आत्मनिवेदनात हा भाग कोणताही आडपडदा न ठेवता आला आहे.

येथे दोघांच्या वाटा फुटतात. इग्नेशियसने हिशेब टाकून दिला नाही. तो छोटा केला. त्याच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात एकच दोष निवडून तो दिवसातून किती वेळा घडला, हे आखलेल्या रेघांवर टिंबे देऊन नोंदवण्याची रीत दिली आहे. रेघा दिवसागणिक आखूड होत जातात. शंकाकुल मनाने कसे वागावे, याच्या सूचनाही त्याच पुस्तकात आहेत. एकाने वही जाळली, दुसऱ्याने वहीला समास आखला. रोग मात्र एकच होता. नोव्हेंबर १५५१ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने प्रत्येक गंभीर पाप स्वतंत्रपणे आणि पापाचे स्वरूप बदलणाऱ्या परिस्थितीसह सांगितले पाहिजे, असा निर्णय दिला आणि कॅथलिक जगात वही कायम राहिली.

दोन्ही चरित्रांत एक गोष्ट खटकण्याइतकी समान आहे. ल्यूथर आणि इग्नेशियस ज्या पापांनी तळमळले, त्यांचा सारा व्यवहार ते आणि देव यांच्यातला होता. ज्याचे काही हिरावले आहे असा तिसरा माणूस या तळमळीत जवळपास कोठेच दिसत नाही.

३

तो तिसरा माणूस अटलांटिकच्या पलीकडे होता. बार्तोलोमे दे लास कासास हा ल्यूथरपेक्षा जेमतेम एका वर्षाने लहान. तो १५०२ मध्ये हिस्पानिओला बेटावर गेला, धर्मगुरू झाला, क्युबाच्या मोहिमेत सैन्याबरोबर राहिला आणि बक्षीस म्हणून त्याला तेथील रहिवाशांच्या श्रमावर हक्क मिळाला. 'एन्कोमिएन्दा' नावाच्या त्या व्यवस्थेत वसाहतकाराला गावेच्या गावे सोपवली जात. त्याने त्यांना ख्रिस्ती धर्म शिकवायचा आणि त्यांनी त्याच्या खाणींत व शेतांत राबायचे. नावाने संगोपन, प्रत्यक्षात वेठ. डिसेंबर १५११ मध्ये आंतोनियो दे मोन्तेसिनोस या डोमिनिकन भिक्षूने याविरुद्ध भर प्रवचनात वसाहतकारांना धारेवर धरले होते. त्याच सुमाराला एका डोमिनिकन भिक्षूने लास कासासचे पापनिवेदन ऐकण्यास नकार दिला. कारण एकच. तू माणसे ठेवली आहेस.

पापकबुलीच्या इतिहासात या नकाराचे स्थान मला फार मोठे वाटते. त्या भिक्षूने क्षमेला अट घातली, आणि ती अट यादीच्या पूर्णतेची नव्हती. तुझ्या घरात ज्यांच्या घामाची कमाई आहे, त्यांचे काय, एवढेच त्याने विचारले. लास कासासने तेव्हा वाद घातला, पण नकार मनात राहिला. १५१४ मध्ये प्रवचनाची तयारी करताना गरिबांचे लुबाडून देवाला अर्पण करण्याविषयी सीराखच्या पुस्तकातील वचने त्याच्या वाचनात आली आणि त्याने आपल्याकडची माणसे सोडून दिली. त्यानंतरची पन्नास वर्षे तो एकाच प्रश्नामागे लागला होता.

प्रश्न जुनाच होता. परत करता येण्याजोगी वस्तू चोर परत करीत नसेल, तर त्याचा पश्चात्ताप हे सोंग आहे, असे पाचव्या शतकात ऑगस्टिनने लिहून ठेवले होते. चर्चच्या कायद्यात ते तत्त्व रुजलेही होते. पश्चात्ताप, कबुली आणि भरपाई अशी तीन अंगे प्रत्येक धर्मगुरूला पाठ असत. पण तत्त्व गाय चोरणाऱ्याला लावणे सोपे, मुलूख जिंकणाऱ्याला लावणे कठीण. लास कासास ते करू गेला. चियापासचा बिशप म्हणून १५४५ मध्ये पोहोचताच, ऐन उपवासकाळात, त्याने बहुतेक धर्मगुरूंचा पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार काढून घेतला आणि स्थानिक लोकांवरील अन्यायाची प्रकरणे स्वत:कडे राखून ठेवली. ईस्टरपूर्वी पापमुक्ती मिळाली नाही, तर समाजात तोंड दाखवायला जागा उरत नसे. वसाहतकार खवळले. त्याच्याच हाताखालच्या मुख्य धर्मगुरूने आज्ञा धुडकावून काहींना पापमुक्ती दिली. शहरात दंगा झाला.

त्यानंतर त्याने पापनिवेदन ऐकणाऱ्यांसाठी बारा नियम लिहिले. ते १५५२ मध्ये सेव्हिल येथे छापले गेले. ते वाचताना आपण धर्मग्रंथ वाचतो आहोत की दस्तऐवजाचा मसुदा, असा प्रश्न पडावा. मुलूख जिंकण्यात भाग घेतलेला माणूस पापनिवेदनाला आला, तर कबुली सुरू होण्यापूर्वीच नोटरीला बोलवावे. आपली सर्व मालमत्ता धर्मगुरू ठरवील तशी परत करण्याचा अधिकार त्याने कायदेशीर दस्ताने द्यावा. स्पेनहून आपण काही आणले नव्हते, जे आहे ते येथील लोकांकडून आले आहे, हे लिहून द्यावे. गुलाम तत्काळ मुक्त करावेत. ज्यांचे लुबाडले ते किंवा त्यांचे वारस सापडले नाहीत, तर ते धन त्यांच्याच गावांच्या हितासाठी खर्चावे. मोहिमांसाठी शस्त्रे विकणारे व्यापारीदेखील त्या हानीला जबाबदार धरावेत. मरणासन्न माणसालाही यातून सूट नव्हती.

या नियमांत दयेचा अभाव आहे, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला, आणि तो केवळ लुटारूंनी घेतला नाही. फ्रान्सिस्कन भिक्षू मोतोलिनिया हा स्थानिकांच्या सेवेत आयुष्य घालवलेला, गरिबीचे व्रत निष्ठेने पाळणारा माणूस. १५५५ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सला लिहिलेल्या प्रदीर्घ पत्रात त्याने लास कासासवर घणाघाती टीका केली. सगळ्या वसाहतकारांना एकजात चोर ठरवून मरणाच्या दारात त्यांची क्षमा अडवणारा हा कोण, असा त्याचा रोख होता. नियमांच्या हस्तलिखित प्रती राजाज्ञेने गोळा करून जाळल्या गेल्याचेही त्या पत्रात आले आहे. पापनिवेदनाचा वापर शस्त्रासारखा करावा काय, हा प्रश्न आजही सोपा नाही. परंतु दुसरी बाजूही पाहावी लागते. ज्या क्षमेने लुटलेला पैसा जागचा हलत नाही, ती क्षमा मिळालेल्याचे मन निर्मळ झाले, असे म्हणताना लुटल्या गेलेल्याला कोणी विचारले होते काय?

४

याच दशकांत पापनिवेदनाची आणखी काही पुस्तके निघाली आणि त्यांची तुलना उद्बोधक ठरते. नवख्रिस्ती लोकांचे पापनिवेदन ऐकायचे, तर धर्मगुरूला त्यांची भाषा यायला हवी. म्हणून मेक्सिकोत आलोन्सो दे मोलिना याने नावात्ल आणि स्पॅनिश या दोन भाषांत रचलेले पापनिवेदनाचे पुस्तक १५६५ मध्ये छापले. भारतात मोत्यांच्या किनाऱ्यावरील परवर ख्रिस्ती लोकांत काम करणाऱ्या आंरिक आंरिकेश या येशूसंघीयाने तमिळमध्ये असेच पुस्तक तयार केले. ते १५८० मध्ये कोचीन येथे छापले गेले. भारतीय भाषेतील अगदी आरंभीच्या मुद्रित पुस्तकांत पापांच्या प्रश्नावलीचे एक पुस्तक असावे, ही गोष्ट आपल्या मुद्रणाच्या इतिहासकारांनी नोंदवली आहे, पण तिच्यावर विचार फारसा झालेला नाही. गोव्यात १५७९ मध्ये आलेल्या फादर थॉमस स्टीफन्सने मराठीत 'क्रिस्तपुराण' आणि कोकणीत प्रश्नोत्तरी रचली, त्यामागेही लोकांच्या भाषेत त्यांच्या अंतरंगापर्यंत पोहोचण्याची हीच निकड होती. पोर्तुगीजांनी १६८४ मध्ये कोकणीचा वापर थांबवण्याचा हुकूम काढला. तरी पापनिवेदनाला कोकणी ख्रिस्ती आजही 'कुमसार' म्हणतात. पोर्तुगीज शब्दाचे हे रूप इतके घरचे झाले आहे, की त्याचे परकेपण कानाला जाणवत नाही.

भाषा शिकण्यामागे खरा जिव्हाळा होता, हे मान्य करूनही एक फरक लपत नाही. जिंकलेल्या लोकांना त्यांच्या भाषेत प्रश्न विचारणारी पुस्तके छापली गेली आणि वापरली गेली. जिंकणाऱ्यांना त्यांच्याच भाषेत प्रश्न विचारणाऱ्या नियमांच्या प्रती मात्र जाळण्यात आल्या. पापकबुलीची व्यवस्था कोणाच्या अंतरंगात कितपत शिरते, हे केवळ धर्मशास्त्र ठरवत नाही, एवढा बोध येथे घ्यायला हरकत नाही.

५

नियम करणाऱ्याचे स्वत:चे मन निर्मळ होते काय? लास कासासच्या चरित्रातील सर्वांत अवघड पान येथे उघडते. १५१६ मध्ये, स्थानिक लोकांचा संहार थांबावा म्हणून त्याने सुचवलेल्या उपायांत आफ्रिकी गुलाम आणावेत, असाही एक उपाय होता. एका लोकसमूहाचा जीव वाचवण्यासाठी दुसऱ्याचा बळी. पुढे पोर्तुगीज आफ्रिकेत गुलाम कसे मिळवतात, हे वाचल्यावर त्याला उमगले, की ही गुलामीही तितकीच अन्याय्य होती. उतारवयात लिहिलेल्या 'इंडीजचा इतिहास' या ग्रंथात त्याने स्वत:चा तृतीयपुरुषी उल्लेख करीत हा दोष नोंदवला, आणि आपले अज्ञान देवाच्या न्यायासनासमोर आपल्याला वाचवील, याची आपल्याला खात्री नाही, असेही लिहिले.

या कबुलीला ऐकणारा धर्मगुरू नाही आणि उत्तरादाखल क्षमेचे शब्दही नाहीत. भरपाई शक्य नव्हती. जहाजे केव्हाच निघून गेली होती. आपल्या मरणानंतर बराच काळ हा ग्रंथ छापू नये, असे त्याने सांगून ठेवले. तो १५६६ मध्ये वारला. ग्रंथ १८७५ मध्ये छापला गेला. ज्या माणसाने दुसऱ्यांच्या कबुलीला नोटरीची अट घातली, त्याने स्वत:ची कबुली इतिहासाच्या हवाली केली. ती यादी पूर्ण नव्हती, पण ज्यांचे नुकसान झाले त्यांचा उल्लेख तीत होता.

पुढच्या शतकांत पापकबुली अनेक रूपांनी आली. जॉन वेस्लीने १७३८ मध्ये आपल्या छोट्या गटांसाठी केलेल्या नियमांत मागच्या भेटीनंतर घडलेली पापे एकमेकांना विचारण्याची पद्धत घातली. १९०५ च्या जूनमध्ये पंडिता रमाबाईंच्या केडगाव येथील मुक्ती सदनात जे धार्मिक पुनरुज्जीवन झाले, त्यात मुली रडत, मोठ्याने आपली पापे बोलून दाखवीत. दुष्काळातून वाचून एका छपराखाली आलेल्या त्या मुलींच्या कबुलीत ऐकणाऱ्या आणि एकमेकींना दुखावलेल्या अशा दोघी बहुधा एकाच खोलीत असत. मध्यस्थ नव्हता, पण पहिल्या शतकांतली मंडळी जणू परत आली होती. नाझी राजवटीत फिंकेनवाल्ड येथील गुरुकुलात दीट्रिख बोनहोफरने विद्यार्थ्यांना एकमेकांजवळ पापकबुली करायला शिकवले. त्याच्या मते एकांतात देवाला सांगितले म्हणणारा माणूस पुष्कळदा स्वत:च स्वत:ला माफ करून टाकतो. समोर माणूस असला, की ही फसवणूक जमत नाही.

आणि आजचा प्रश्न तर दोन हिशेबांना थेट एकमेकांसमोर उभा करतो. ऑस्ट्रेलियात बालकांच्या लैंगिक शोषणाची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने २०१७ मध्ये आपला अहवाल दिला. व्हिक्टोरिया राज्याने २०१९ मध्ये कायदा करून, पापनिवेदनात समजलेले शोषणही अधिकाऱ्यांना कळवण्याचे बंधन धर्मगुरूंवर घातले. कॅथलिक चर्चची भूमिका मात्र १२१५ पासून बदललेली नाही. ऐकलेले कोणत्याही कारणाने बाहेर जाऊ शकत नाही. गुप्तता नसेल तर अपराधी मुळात तोंडच उघडणार नाही, हा युक्तिवाद पोकळ नाही. लिओनेही पाचव्या शतकात काहीसे असेच म्हटले होते. पण कबुलीच्या त्या खोलीत नसलेले मूल या युक्तिवादात कोठे आहे, हे विचारण्याचा अधिकार कायद्याला नाही, असे कोण म्हणेल?

यावर माझ्यापाशी तोडगा नाही. पापमुक्ती विकत घेता येत नाही आणि मोजूनही मिळत नाही, हे ल्यूथर व इग्नेशियस यांनी आपापल्या जखमांतून दाखवून दिले, ते विसरता येत नाही. शंकांनी पोळलेल्या माणसाला 'पुरे, आता जा' असे कोणीतरी सांगावे लागते. ते स्वत:चे स्वत:ला सांगता येत नाही. पापकबुलीचे श्रेष्ठत्व तेथे आहे. परंतु दुसऱ्याचे हिरावून बसलेल्याला 'पुरे, आता जा' असे सांगणारा कान दयाळू नसतो, तो सोयीचा असतो. कोणाला कोणते उत्तर द्यायचे, हे ओळखण्यातच ऐकणाऱ्याची कसोटी आहे. हिस्पानिओलातील त्या भिक्षूने एका धर्मगुरूला परत पाठवले, तेव्हा त्याने त्याची क्षमा अडवली नव्हती. त्याने फक्त दुसऱ्या हिशेबाची वही त्याच्यासमोर उघडी करून ठेवली. ती वाचायला लास कासासला तीन-चार वर्षे लागली आणि चुकती करायला उरलेले आयुष्य पुरले नाही.